पितळी वाद्यांचं सिनेमासंगीत आणि मैफलीचं संगीत इतकं सारखं का वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही ब्रास क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच पितळी वाद्यांच्या गटात, ट्रम्पेट वाजवता. होल्स्ट, कोपलंड, यानाचेक या मैफलीच्या संगीतकारांच्या रचना वाजवताना सारखं वाटत राहतं की हे कुठल्यातरी सिनेमात ऐकलंय, आणि सिनेमाचं पार्श्वसंगीत वाजवताना नेमकं उलटं वाटतं. सोबतच्या एकाचं म्हणणं असं की सिनेमावाले सगळं मैफलीच्या संगीतातून उचलतात आणि साम्य एवढंच. हे बरोबर आहे का?

उचलेगिरी होते, ती झाकायचं कारण नाही. पण तेवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. व्हायोलिनसाठीही सिनेमावाल्यांनी भरपूर उचललंय, तरी तिथे साम्य इतकं अंगावर येत नाही. पितळी वाद्यांच्या बाबतीत ते येतं, कारण ही वाद्यं लिहिणाऱ्याला मुळातच थोड्या वाटा मोकळ्या ठेवतात. मैफलीसाठी लिहा की पडद्यासाठी, नळी तीच, ओठ तेच आणि बऱ्याचदा वाजवणारी माणसंही तीच. मी ट्रॉम्बोन वाजवतो, वाद्यवृंदात बसलोय, रेकॉर्डिंगला बसलोय आणि ब्रास समूहांसाठी रूपांतरं करतो. त्या बाजूनं सांगतो.

आधी नळीचं पाहू. ट्रम्पेटची एकही कळ न दाबता फुंका आणि फक्त ओठांचा ताण बदलत जा. आपल्या नावांनी सांगायचं तर सा मिळेल, मग त्याचा पंचम, मग वरचा सा, त्यावर ग, पुन्हा प, मग जरासा उतरलेला कोमल नी आणि त्याच्याही वरचा सा. खाली अंतरं मोठी, वर जाल तसे स्वर एकमेकांना चिकटत जातात. वाल्व्ह, म्हणजे कळ दाबून नळीची लांबी बदलायची सोय, निघाले ते १८१४-१५च्या सुमारास. श्टोल्त्सेल आणि ब्लूमेल या दोघांनी १८१८ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. त्याआधी ट्रम्पेटवाल्याच्या हाती एवढंच भांडवल होतं. हॉर्नवाले कर्ण्यात, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडात, हात घालून मधले काही स्वर काढत, पण ते दबके निघत. म्हणजे लष्करातले इशारे, शिकारीतले पुकार, दरबारातल्या ललकाऱ्या हे सगळं शेकडो वर्षं याच मोजक्या स्वरांतून उभं राहिलं. सा वरून प, प वरून वरचा सा, मग ग. दुसरं काही वाजतच नव्हतं.

वाल्व्ह आले, सगळे स्वर मिळाले, पण कानाला लागलेली सवय गेली नाही. सा-प-सा ही उडी ट्रम्पेटवर ऐकली की आजही काहीतरी मोठं सुरू होतंय असं वाटतं. रिखार्ड श्ट्राउसनं १८९६ मध्ये ‘आल्सो श्प्राख त्साराथुस्त्रा’ची सुरुवात नेमकी याच तीन स्वरांनी केली आणि लगेच सगळ्या वाद्यवृंदाला शुद्ध गंधारावरून कोमल गंधारावर आणलं. १९६८च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये तेच वापरलं गेलं आणि जगभर ते ‘अवकाशाचं संगीत’ ठरलं. त्या सिनेमासाठी अॅलेक्स नॉर्थकडून वेगळं संगीत लिहून घेतलं होतं, ते बाजूला पडलं. कोपलंडची १९४२ची ‘फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन’ घ्या: चार हॉर्न, तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, एक ट्यूबा आणि तालवाद्यं, आणि चाल जवळजवळ सगळी चौथ्या-पाचव्या स्वरांच्या उड्यांची. आता जॉन विल्यम्सचं १९७७चं ‘स्टार वॉर्स’चं शीर्षक गुणगुणून पाहा. तीनदा झटक्यात प, मग लांब सा, लांब प; मग म-ग-रे अशी भरभर उतरण, तार सा आणि परत प. मधली म-ग-रे ही तेवढी वाल्व्हची करामत. बाकी सगळा सांगाडा जुन्या बिनकळीच्या ट्रम्पेटचा.

या चालीचं नातं कोर्नगोल्डच्या ‘किंग्ज रो’ या १९४२च्या सिनेमाच्या शीर्षकसंगीताशी जोडलं जातं आणि दोन्ही पाठोपाठ ऐकलीत तर तुम्हालाही पटेल. पण कोर्नगोल्ड तरी ते कुठून घेऊन आला? तो व्हिएन्नाच्या ऑपेरातून आला होता, ऑपेराच्या मागे वाग्नर आणि वाग्नरच्या मागे ट्रम्पेट-हॉर्नचे हेच स्वर. मूळ चोर शोधायला निघालात तर शेवटी नळीपाशीच येऊन थांबाल.

आता याच सांगाड्याला जरा धक्का दिला की काय होतं ते ‘मार्स’मध्ये पाहा. होल्स्टनं ‘द प्लॅनेट्स’ १९१४ ते १९१६च्या दरम्यान लिहिलं. पाच मात्रांचा ठेका सुरू होतो, व्हायोलिनवाले गजाच्या लाकडानं तारा ठोकतात आणि त्यावर हॉर्न व बासून (खर्जातलं लाकडी फुंकवाद्य) एक साधा तुकडा वाजवतात: सा, प आणि तिथून घसरून तीव्र म. एवढंच. सा-प ऐकल्यावर कान वरच्या सा ची वाट पाहतो आणि त्याला मिळतो पंचमाच्या खालचा अर्धा स्वर. ललकारी म्हणून सुरू झालेली गोष्ट दोन स्वरांत धमकी होते. पुढे टेनर ट्यूबा, म्हणजे बहुतेक वाद्यवृंदांत युफोनियम, पुकारा करतो आणि ट्रम्पेट त्याला उत्तर देतात. त्यानंतरच्या कितीतरी खलनायकी सेनांचं संगीत ही युक्ती वापरतं: ठेका अडखळता ठेवायचा, खाली एकच स्वर धरून ठेवायचा आणि वर पितळी वाद्यांना प्रामाणिक उडी मारायला लावून शेवटचा स्वर वाकडा करायचा. याला नक्कल म्हणा हवं तर. मी याला व्याकरण म्हणेन.

दुसरी गोष्ट आवाजाच्या जातीची. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. व्हायोलिन जोरात वाजवलं तर मुख्यतः मोठं ऐकू येतं. ट्रॉम्बोन जोरात वाजवला तर वेगळंच वाद्य ऐकू येतं. हळू वाजवताना त्याचा आवाज गोल, जवळजवळ हॉर्नसारखा असतो. जोर वाढवत नेलात की एका टप्प्यावर त्याला धार येते, मग करकर आणि शेवटी पत्रा फाटल्यासारखं काहीतरी. याचं कारण नळीतल्या हवेत आहे. दाब फार वाढला की लहरीचा उंच भाग खोल भागापेक्षा वेगानं पुढे सरकतो, त्यामुळे लहरीचा पुढचा चेहरा उभा होत जातो आणि कर्ण्यापर्यंत पोचेतो तो जवळपास धक्कालहरीसारखा झालेला असतो. उभ्या लहरीत वरचे स्वरांश भरमसाट असतात; कानाला ते चकाकी म्हणून लागतात. लांब, एकाच व्यासाच्या नळीत हे जास्त घडतं, म्हणून ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन कापतात. फ्ल्युगलहॉर्न, युफोनियम, ट्यूबा यांची नळी रुंदावत जाणारी, तिथे ते कमी घडतं, म्हणून त्यांचा आवाज जोरातही बराच मऊ राहतो.

याचा संगीतकारासाठी अर्थ असा की पितळी वाद्यांच्या आवाजाची पातळी आणि त्याचा ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभागृहात त्या सहसा जोडलेल्या असतात: ताण हवा तर गोंगाट सोसावा लागतो. रेकॉर्डिंगमध्ये त्या सोडवता येतात. आठ जण जीव खाऊन फुंकतायत आणि मिश्रण करणाऱ्यानं ते खाली ओढलंय, तरी ऐकणाऱ्याला कळतं की कुठेतरी प्रचंड काही चाललंय. हे फार लवकर ओळखलं प्रोकोफिएवनं. १९३८च्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’साठी त्यानं जर्मन सरदारांचे पितळी पुकार मुद्दाम मायक्रोफोनच्या तोंडाशी वाजवून घेतले, आवाज फाटावा म्हणून. फाटलेला आवाज रशियन कानाला जसा नकोसा व्हावा तसाच त्याला हवा होता. नाजूक वाद्य माइकजवळ आणि ट्रॉम्बोन दूर, अशी उलटी मांडणीही त्यानं विचारात घेतली होती. पुढच्याच वर्षी त्यानं याच संगीताची कॅन्टाटा (गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीची मैफलीची रचना) केली, आणि तिथे हा सगळा खेळ माइकशिवाय, नुसत्या लिखाणातून उभा करावा लागला. कॅन्टाटा आणि सिनेमा शेजारी ठेवून ऐका. दोन्ही दुनियांमधलं साम्य आणि फरक एकाच माणसाच्या हातून बघायला मिळतात.

तिसरी गोष्ट म्हणजे वाद्यांना चिकटलेले अर्थ. इथे दोन्हीकडचे संगीतकार एकाच जुन्या पेढीवर उधारी करतात. ट्रॉम्बोन म्हणजे चर्च, मृत्यू, परलोक: मोत्सार्टनं १७८७च्या ‘डॉन जोव्हानी’त दगडी पुतळा बोलायला लागतो तेव्हा ट्रॉम्बोन आणले. हॉर्न म्हणजे जंगल, अंतर, शिकार आणि त्यातून पुढे धीरोदात्त नायक. ट्यूबा म्हणजे राक्षस: वाग्नरच्या ‘झीगफ्रीड’मधला फाफ्नर नावाचा ड्रॅगन १८७६ पासून ट्यूबातून सरपटतोय. १९७५च्या ‘जॉज’मधला शार्क त्याच खानदानातला. सा आणि कोमल रे या दोन स्वरांची खर्जातली ठकठक सगळ्यांना आठवते. तिच्यावर वाजणारी ट्यूबाची ओळ फार जणांना आठवत नाही. ती टॉमी जॉन्सननं वाजवली होती आणि ती चक्रावून टाकण्याइतकी उंच लिहिलेली आहे. तिच्याकडे शेवटी परत येतो.

एकट्या ट्रम्पेटचा अर्थ मात्र तुलनेनं नवा आहे आणि तो मैफलीकडून सिनेमाकडे जाताना स्पष्ट दिसतो. आइव्ह्जच्या १९०८च्या ‘द अनआन्सर्ड क्वेश्चन’मध्ये तारवाद्यांच्या संथ पडद्यावर एक ट्रम्पेट तोच तोच प्रश्न विचारत राहतो. कोपलंडनं १९३९च्या एका नाटकासाठी लिहिलेल्या संगीतातून ‘क्वाएट सिटी’ केलं: ट्रम्पेट, कोर आंग्ले (ओबोच्या जातीचं, खालच्या सुराचं वाद्य) आणि तारवाद्यं, रात्रीचं शहर, झोप न येणारा माणूस. १९७४ मध्ये जेरी गोल्डस्मिथनं ‘चायनाटाउन’साठी वाद्यमेळ निवडला तो एक ट्रम्पेट, तारवाद्यं, चार पियानो, चार हार्प आणि तालवाद्यं असा. दरम्यान जॅझ येऊन गेलं होतं, त्यामुळे ट्रम्पेटला घोगरेपणा आणि शारीरिक ओढ आली. पण गाभा तोच आहे, एकच माणूस आणि मोकळी जागा. याच्या दोन वर्षं आधी ‘द गॉडफादर’ सुरू होतो तोही सोबतीशिवायच्या एकट्या ट्रम्पेटनं. तुमच्या क्विंटेटमध्ये असा एकल तुकडा आला तर तो ‘सुंदर’ वाजवायच्या भानगडीत पडू नका. कंप कमी ठेवा आणि स्वराचा शेवट अलगद सोडा.

‘गॉडफादर’चा संगीतकार नीनो रोटा. त्यानं १९६६ मध्ये ट्रॉम्बोन कॉन्चेर्टोही (एकल ट्रॉम्बोन आणि वाद्यवृंदाची रचना) लिहिला आणि आम्ही ट्रॉम्बोनवाले तो आजही स्पर्धांमध्ये वाजवतो. इथून चौथी गोष्ट सुरू होते: माणसं. सिनेमा एकीकडे आणि मैफल दुसरीकडे अशी कुंपणं वाजवणाऱ्यांना कधी दिसलीच नाहीत. माल्कम आर्नल्ड लंडन फिलहार्मोनिकमध्ये प्रमुख ट्रम्पेटवादक होता. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या संगीतासाठी त्याला ऑस्कर मिळालं आणि १९६१ मध्ये त्यानं लिहिलेलं पहिलं ब्रास क्विंटेट तुमच्या गटानं बहुधा वाजवलंच असेल. त्या क्विंटेटची मजाच ही की लिहिणाऱ्याला तुमच्या ओठांची कीव नाही, पण जाण पुरेपूर आहे. एन्यो मोरिकोने रोममध्ये ट्रम्पेट शिकला, गोफ्रेदो पेत्रास्सीकडे रचनाशास्त्र शिकला, प्रायोगिक संगीताच्या एका गटात ट्रम्पेट वाजवत राहिला आणि त्याच काळात त्यानं घोडेस्वारांच्या सिनेमांसाठी ट्रम्पेटला वाळवंटात उभं केलं. व्हॉन विल्यम्सनं सिनेमांना संगीत दिलं, ट्यूबासाठी १९५४ मध्ये कॉन्चेर्टो लिहिला आणि ब्रास बँडसाठी व्हेरिएशन्सही. ब्रूस ब्रॉटननं ‘सिल्व्हराडो’ केलं आणि ट्यूबा कॉन्चेर्टोही. ताकेमित्सूनं ‘रान’ केलं आणि ‘गार्डन रेन’ हे ब्रास समूहासाठीचं अतिशय शांत, श्वासाच्या लांबीवर चालणारं काम केलं. ते ऐकलंत की पितळी वाद्यं म्हणजे ललकारी हा समज गळून पडेल. आणि जॉन विल्यम्सचे पितळी वाद्यांसाठी तीन कॉन्चेर्टो आहेत: ट्यूबासाठी १९८५, ट्रम्पेटसाठी १९९६, हॉर्नसाठी २००३. ते त्याच्या सिनेमांसारखे वाजत नाहीत म्हणून लोक नाराज होतात. ती तक्रार मला कधी समजली नाही.

वाजवणाऱ्यांचं उदाहरण द्यायचं तर मॉरिस मर्फी. इंग्लंडच्या ब्रास बँडांत वाढलेला, ब्लॅक डाइक मिल्स बँडचा प्रमुख कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा मऊ आवाजाचा भाऊ). १९७७ मध्ये तो लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रात प्रमुख ट्रम्पेटवादक म्हणून आला आणि तिथलं त्याचं पहिलंच काम म्हणजे ‘स्टार वॉर्स’चं रेकॉर्डिंग. शीर्षकातला तो वरचा स्वर सगळ्या जगानं ऐकला तो त्याचा. त्या आवाजात बँडस्टँडवरचा कॉर्नेट आहे, माहलर-ब्रुकनर वाजवणारा वाद्यवृंद आहे आणि स्टुडिओही आहे. यातलं कुठलं मैफलीचं आणि कुठलं सिनेमाचं, हे तुम्ही वेगळं करून दाखवा.

जागेच्या वापराबद्दल थोडक्यात. जोव्हानी गाब्रिएलीनं १५९७ मध्ये व्हेनिसच्या सान मार्को चर्चसाठी छापलेल्या ‘सोनाटा पियान ए फोर्ते’मध्ये दोन गट समोरासमोर आहेत आणि कुठे हळू, कुठे जोरात हेही लिहिलेलं आहे. बेर्लिओझनं १८३७च्या रेक्विएममध्ये (मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात) चार कोपऱ्यांत चार ब्रास गट ठेवले, वॉल्टननं १९३१च्या ‘बेल्शाझर्स फीस्ट’मध्ये दोन जादा बँड. रेस्पिगीनं ‘पाइन्स ऑफ रोम’च्या शेवटी रोमन फौज दुरून चालत आणली. सिनेमागृहातले मागचे स्पीकर ही त्यांचीच पुढची पिढी. स्टुडिओतला एक प्रयोग मात्र सांगण्यासारखा आहे. ‘इन्सेप्शन’च्या त्या प्रसिद्ध खर्जातल्या गर्जनेबद्दल त्याचा संगीतकार हान्स झिमरनं सांगितलंय की मध्ये पियानो ठेवून त्याचं पेडल दाबून धरलं होतं आणि ब्रासवाले त्यात फुंकत होते, म्हणजे तारा आपोआप झंकारत राहतात. बेरिओच्या १९८४च्या ‘सेक्वेन्झा दहा’मध्ये ट्रम्पेटवाला हेच करतो: पियानोवादक आवाज न करता पट्ट्या दाबून धरतो आणि ट्रम्पेट त्या उघड्या तारांवर वाजतो. एक सगळ्यात गर्दी खेचणारा सिनेमा, एक सगळ्यात अवघड मानली जाणारी एकल रचना, आणि युक्ती तीच.

आता साम्य कुठे संपतं तेही सांगायला हवं, नाहीतर तुमचा सोबती म्हणेल की मी फक्त एकच बाजू मांडली.

पहिला फरक संवादांचा. ट्रम्पेटचा मधला पल्ला माणसाच्या बोलण्यावर येऊन बसतो, शब्द गिळतो. म्हणून सिनेमात पितळी वाद्यं भरात येतात ती कुणी बोलत नसताना: शीर्षकं, पाठलाग, लढाई, शेवट. संवादाखाली असलेच तर खालचे हॉर्न किंवा ट्रॉम्बोनचे अगदी हळू वाजवलेले स्वरसंघ. मैफलीच्या संगीतकाराला ही धास्ती नाही, त्यामुळे त्याच्याकडे मधल्या आवाजातलं, बडबडं, चपळ ब्रासलेखन जास्त सापडतं. क्विंटेटचं साहित्य बघा, त्यातलं निम्मं सिनेमात संवादाखाली टाकताच येणार नाही.

दुसरा फरक वेळेचा, आणि हा मोठा. सिनेमातला तुकडा चित्राच्या लांबीचा असतो. हेडफोनमधून कानात ठेक्याची टिकटिक चालू असते, अमुक सेकंदाला दार उघडणार म्हणजे उघडणार. चाल फुलवायला, तिचे तुकडे करायला, तिला दुसऱ्या चालीशी झुंजवायला जागा नसते. म्हणून सिनेमाची चाल पहिल्या चार मात्रांत आपली सगळी ओळख सांगून मोकळी होते. मैफलीची चाल राखून खेळते. कोपलंडची तीच फॅनफेअर त्यानं १९४६ मध्ये तिसऱ्या सिम्फनीच्या अंतिम भागात घातली. तिथे ती आधी बासऱ्या-क्लॅरिनेटवर कुजबुजत येते आणि मग ब्रासवर उसळते, पुढे तिच्यातून बरंच काही उगवतं. व्हॉन विल्यम्सनं १९४८च्या ‘स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक’चं संगीत उचलून १९५३ मध्ये ‘सिन्फोनिया अंटार्टिका’ उभी केली तेव्हा त्याला हीच मेहनत पडली: तुकडे होते, त्यांना एकमेकांकडे जाण्याचं कारण नव्हतं, ते निर्माण करावं लागलं.

तिसरा फरक ओठांचा. लोकांना वाटतं सिनेमाचं वाजवणं सोपं, तुकडे छोटे असतात. तुकडा दोन मिनिटांचा असतो, पण त्यातला सगळ्यात उंच भाग पुन्हा पुन्हा मागतात: कधी पडद्याशी जुळलं नाही, कधी कुणाची खुर्ची वाजली, कधी ब्रास वेगळं रेकॉर्ड करायचं ठरतं, कारण त्यांचा आवाज व्हायोलिनच्या माइकमध्ये शिरतो. पान समोर येतं त्याच दिवशी आणि वाजवायचं पहिल्या फेरीपासून चोख. मैफलीत उलट छळ. ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीत ट्रॉम्बोन तीन भाग गप्प बसतात आणि चौथ्या भागात, वाद्य गार पडलेलं असताना, हळुवार कोराल (चर्चच्या स्तोत्रासारखी संथ चाल) वाजवायचा. कुठलं अवघड, असं विचारलंत तर मी ब्राम्स म्हणेन.

शेवटी कामाचं, कारण तुम्हाला पुढे जाऊन सिनेमाचं संगीत क्विंटेटसाठी किंवा मोठ्या ब्रास समूहासाठी उतरवायचं आहे असं प्रश्नात होतं.

रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकॉव्हचा हिशेब डोक्यात ठेवा: जोरातल्या वाजवण्यात एक ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन किंवा एक ट्यूबा म्हणजे दोन हॉर्न. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये एकटा हॉर्न तीन ट्रॉम्बोनवर सहज चढतो, कारण त्याला स्वतंत्र माइक असतो. तुम्ही तो कानानं ऐकून तसाच उतरवलात तर हॉलमध्ये हॉर्नवाला नुसता हातवारे करताना दिसेल. त्याची ओळ दुहेरी करा, नाहीतर बाकीच्यांना गप्प करा. दुसरा पर्याय जास्त चांगला.

तारवाद्यांचे लांब धरलेले स्वर जसेच्या तसे पितळी वाद्यांना देऊ नका. गज संपत नाही, दम संपतो. एकाच सुरासाठी दोघांना लावा, श्वास आळीपाळीनं घ्यायला सांगा, आणि थरथर हवी असेल तर म्यूट लावलेल्या ट्रम्पेटांना तोच स्वर जिभेनं वेगात तोडायला लावा. तरीही मधे मधे खरी शांतता ठेवा. मूळ संगीतात ब्रासला जे विसावे मिळत होते ते तारवाद्यांनी भरलेले होते. तुमच्या रूपांतरात ते भरायला कुणी नाही, आणि ते बुजवलेत तर शेवटच्या पानावर वरचा स्वर येणार नाही.

रूपांतर करताना पट्टी खाली आणू नका. ‘स्टार वॉर्स’ मूळ पट्टीत ट्रम्पेटला कसोटीचं आहे, पण एक स्वर खाली आणलं तर त्याची चकाकी कमी होते, कारण ती चकाकी येते ताणातून. दोन ट्रम्पेटवाल्यांनी वरचे स्वर वाटून घ्यावेत, पट्टी तीच ठेवावी.

आणि ‘जॉज’ करायचं ठरलं तर ट्यूबाची ती उंच ओळ ट्यूबालाच द्या. प्रत्येक गटात कुणीतरी म्हणतं की ही हॉर्नला किंवा युफोनियमला सोपी पडेल, आणि पडतेही. पण त्यांच्यासाठी तो मधला, आरामाचा पल्ला आहे, म्हणून ती ओळ गोड होऊन बसते. ट्यूबाच्या गळ्यात तीच ओळ दाटून येते, कडेवर चालल्यासारखी हलते, आणि श्रोत्याला वाद्य ओळखता आलं नाही तरी खुर्चीत सावरून बसावंसं वाटतं. ट्यूबावाल्याला आठवडाभर आधी पान द्या.